शाईचे तास

माझ्या टेबलावर त्या दुपारी दोन लॉगबुकं, म्हणजे वैमानिकांच्या उड्डाणांच्या वह्या, उघडी होती. एक मुलाचं, एक मुलीचं. दोघंही एकाच फ्लाइंग स्कूलमधून शिकून आलेले. तारीख एकच, विमानाचा नोंदणी क्रमांक एकच, वेळही तीच : सकाळी १०.१० ते ११.४०. सेस्ना १७२, शिकाऊ वैमानिकांचं छोटं विमान. दोघांनीही तो दीड तास ‘पायलट इन कमांड’च्या रकान्यात भरलेला, म्हणजे शेजारी प्रशिक्षक नाही, सगळी जबाबदारी आपली. मुलगी पूर्वेला गेली होती आणि मुलगा दक्षिणेला. मी पट्टी लावून दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या. खाली जाऊन चहा घेतला, वर आले आणि तिसऱ्यांदा वाचल्या. आपल्या हातून चूक होऊ नये असं फार वाटत होतं, कारण यानंतर जे होणार ते कुणाच्या तरी घरावर कोसळणार होतं.

मुंबईतल्या एका विमान कंपनीच्या भरती विभागात मी बारा वर्षं काढली. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. विमान उडवणं मला येत नाही. माझं काम कागदाचं : वैमानिक म्हणून अर्ज केलेल्यानं लिहिलेले तास खरोखर उडवले आहेत का, ते बघायचं. बाहेरच्यांना हे काम कारकुनी वाटतं. मला ते एक दिवसही तसं वाटलं नाही.

आपल्याकडे सोयरीक जमवताना विचारतात ना, वावर किती बिघे? तसं वैमानिकांच्या जगात पहिला प्रश्न असतो, तास किती? व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळायला आपल्या देशात निदान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, निदान ३०० सागरी मैलांचं एक लांबचं उड्डाण, रात्रीचे ५ तास, आणि बाहेर बघायचंच नाही, समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवून उडायचं, असे काही तास वेगळे. पुढे कॅप्टनच्या खुर्चीसाठी जो वरचा परवाना लागतो, त्याला १५०० तास. तासाची व्याख्याही नेमकी आहे. उड्डाणासाठी म्हणून विमान स्वतःच्या बळावर जागचं हललं तिथून, ते उतरून पुन्हा जागी थांबलं तिथपर्यंत. नुसतं इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तरी विमानातला मीटर फिरतो, पण ते उड्डाण होत नाही.

हा हिशेब वैमानिक स्वतः ठेवतो, स्वतःच्या अक्षरात. सगळी गोम इथेच आहे. पान भरलं की खाली बेरीज, ती पुढच्या पानावर ओढायची, प्रशिक्षकाची सही, स्कूलचा शिक्का. जुन्या वैमानिकांमध्ये खोट्या तासांना एक शब्द आहे, ‘पी-५१चे तास’. पी-५१ हे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान, आणि ‘पार्कर ५१’ हे त्या काळातलं नावाजलेलं फाउंटन पेन. विमानात बसून नव्हे, पेनानं उडवलेले तास. आमच्या कंपनीतले एक ज्येष्ठ कॅप्टन त्यांना सरळ शाईचे तास म्हणत.

पण शाईचा तास एकटा उभा राहू शकत नाही, हे मला या कामानं शिकवलं. खरा तास आपल्या मागे कितीतरी खुणा सोडून जातो. विमानाचं स्वतःचं लॉगबुक असतं, इंजिनाचं वेगळं. दर १०० तासांनी विमान तपासणीला हँगरमध्ये जातं, त्या तारखा मेकॅनिकच्या सहीनं नोंदलेल्या असतात. इंधनाच्या नोंदवहीत लिटर असतात. छोट्या विमानाचं पेट्रोल निळसर रंगाचं, सेस्नाला तासाला साधारण तीस-पस्तीस लिटर लागतं. तितके लिटर त्या दिवशी भरलेच नसतील तर विमान कशावर उडालं? टॉवर असेल तर टॉवरची नोंद. हवामानाची नोंद. उड्डाणाला परवानगी देणाऱ्या प्रशिक्षकाची वही. विद्यार्थ्यानं एक खोटा तास लिहिला, तर तो खरा दिसण्यासाठी पाच-सहा माणसांना पाच-सहा वह्यांत खोटं लिहावं लागतं. बहुतेक वेळा ते कुणीच लिहिलेलं नसतं, कारण पुढे कुणी विचारणारच नाही अशी सगळ्यांची खात्री असते.

आणि काही गोष्टी कागदाबाहेरच्या, माणसाला नुसत्या बघून कळतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ला जातो. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर उतरतो, धावपट्टी जास्त लागते. म्हणून अशा मुलखात शिकाऊ विमानं भल्या सकाळी उडतात. मग मे महिन्याच्या दुपारी दोनच्या नोंदी एका पाठोपाठ एक दिसल्या की माझा हात थांबायचा. पावसाळ्यात दिवसचे दिवस उड्डाण होत नाही. जुलैत रोज दोन तास लिहिणाऱ्यानं ढग पाहिले नव्हते की काय?

त्या मुलीचं लॉगबुक मला अजून आठवतं. तिचे तास होते २०२ तास ५० मिनिटं, म्हणजे जेमतेम. कोपरे घामानं मऊ पडलेले, तीन रंगांची शाई. चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ, शेजारी बरोबर आकडा आणि छोटी सही, खाडाखोड नाही. शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं : ‘आडवा वारा, उतरणं जमलं नाही, परत वर.’ दोन दिवसांनी पुन्हा तेच. आठवड्यानंतर : ‘आडवा वारा, उतरले.’ मुलाच्या लॉगबुकात शेवटची दोन पानं नवी करकरीत. एकच पेन, एकच दाब, एकच तिरपेपणा. तीन आठवड्यांच्या नोंदी एका बैठकीत लिहिल्यासारख्या. शेऱ्याचा रकाना रिकामा.

आम्ही स्कूलकडून विमानाच्या नोंदी मागवल्या. आल्या बऱ्याच दिवसांनी. त्या सकाळी विमान मुलीच्याच नावावर होतं. मुलाच्या शेवटच्या सात नोंदींपैकी तीन दिवशी ते विमान हँगरमध्ये इंजिन उघडून पडलेलं होतं, उरलेल्या दिवशी दुसऱ्यांच्या नावावर. सात नोंदी मिळून ११ तास २० मिनिटं. कागदावर त्याचे २०९ तास होते. ते वजा केल्यावर राहिले १९७ तास ४० मिनिटं.

परवान्याला फक्त दोन तास वीस मिनिटं कमी पडत होती.

त्याला बोलावलं तेव्हा खोलीत मी आणि ते ज्येष्ठ कॅप्टन होतो. मुलगा इंग्रजीत उत्तरं देत होता, नीट, पाठ केल्यासारखी. कॅप्टननी दोन्ही लॉगबुकं त्याच्यापुढे ठेवली, ओळीवर बोट टेकवलं आणि काहीच बोलले नाहीत. मुलाचा चेहरा उतरला. मग तो मराठीत बोलायला लागला आणि ‘माझा’ म्हणताना एकदा त्याच्या तोंडून ‘मन्हा’ निघून गेलं. माझ्या पोटात कालवलं. माझ्या घरात हीच बोली, अहिराणी. आमचं गाव अमळनेरकडचं.

“कोठला शे रे तू?” मी विचारलं.

“शिरपूरकडना, ताई. तापीकाठना.” मग थोडं थांबून, “मन्हा बापले आखो म्हाईत नही.”

बापाला अजून माहीत नाही. बापानं तापीकाठचं केळीचं वावर विकलं होतं. या शिक्षणाचा खर्च आता पन्नास लाखांच्या आसपास जातो. त्यात वावराचे पैसे, वर बँकेचं कर्ज. १९७ तास ४० मिनिटांवर पैसे संपले आणि पाऊस लागला. स्कूलमधल्या एकानं सांगितलं, थोडक्यासाठी कशाला अडतोस, लिहून टाक, सही मी देतो. नुसते दोनशे दाखवले तर काठावरचे दिसतात, म्हणून २०९ केले. सांगताना तो रडला नाही. फक्त एक प्रश्न विचारला : “ताई, दोन तास वीस मिनिटांनी खरंच काय फरक पडला असता?”

मी त्याला तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. नंतर वर्षभर देत राहिले, मनातल्या मनात.

पहिलं उत्तर अण्णांचं. माझे वडील, अण्णा, रेल्वेत ड्रायव्हर होते. ड्रायव्हरला नवीन मार्गावर गाडी न्यायची तर आधी ‘लर्निंग रोड’ करावा लागतो. त्या मार्गाच्या फेऱ्या दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर कॅबमध्ये उभं राहून करायच्या, सिग्नल कुठे, चढ कुठे, वळण कुठे ते डोक्यात भरायचं, त्यात रात्रीचीही फेरी आली. मग ड्रायव्हर लिहून देतो की हा मार्ग मला माहीत आहे, आणि सही करतो. अण्णांना खंडव्याचा मार्ग मिळाला तेव्हा दिवसाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या. रात्रीची राहिली होती. घरात माझ्या आत्याचं लग्न, बाहेर मांडव पडलेला. एक सोबती घरी येऊन म्हणाला, सही करून टाका, रात्रीची मागाहून बघू, रूळ काय रात्री जागा बदलतात? अण्णांनी त्याला जेवायला वाढायला सांगितलं आणि संध्याकाळी डबा घेऊन रात्रीच्या फेरीला निघून गेले. हळदीला नव्हते. आजी त्यांच्यावर महिनाभर रुसली होती. मी तेव्हा लहान होते. मला आजीचं बरोबर वाटलं होतं.

दुसरं उत्तर आमच्या ऑफिसच्या कपाटात होतं, अपघातांच्या अहवालांत. १३ डिसेंबर १९९४ला अमेरिकेत रॅलेजवळ एक छोटं प्रवासी विमान पडलं. २० माणसांपैकी १५ गेली. एक इंजिन बंद पडलंय असा कॅप्टनचा चुकीचा समज झाला आणि विमान हातातून सुटलं. आधीच्या कंपनीत त्याच्या कौशल्याबद्दल शंका होत्या, पण नव्या कंपनीनं तिथली कागदपत्रं मागवलीच नव्हती. त्यानंतर १९९६ साली तिथे कायदा झाला : वैमानिक घेण्याआधी जुन्या मालकाकडून नोंदी मागवा. तरी १२ फेब्रुवारी २००९ला बफेलोजवळ विमान कोसळलं. त्यातल्या कॅप्टननं आधी नापास झालेल्या काही चाचण्या अर्जात लिहिल्या नव्हत्या. विमानातले ४९ आणि ज्या घरावर ते पडलं त्या घरातला एक, असे ५० जण गेले. २०१०च्या कायद्यानं तिथे १५०० तासांची अट आणली आणि सगळ्या वैमानिकांच्या नोंदींचं एकच भांडार करायचं ठरवलं. ते नियम अंतिम व्हायला २०२१ उजाडलं. दरम्यान २३ फेब्रुवारी २०१९ला टेक्सासमध्ये मालवाहू बोइंग ७६७ पाण्यात कोसळून तिघे गेले. को-पायलटनं आधीच्या कंपन्यांतलं आपलं अपयश नव्या कंपनीपासून लपवलं होतं.

बफेलोच्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५००हून बरेच जास्त होते, हे मी मुद्दाम सांगते. लपवलं गेलं ते तास नव्हते, अपयश होतं. या तिन्ही अहवालांत मला सारखं जाणवत राहिलं की भरती करणारे आम्ही आकडा विचारतो, आणि कुठे अडलात हे विचारतो ते नापास करण्यासाठीच. मग माणूस ते का सांगेल? त्या मुलीनं ‘जमलं नाही’ हे दोन वेळा लिहिलं. आमच्या निवड मंडळातल्या एकानं त्यावर लाल खूण करून ‘कच्ची’ असा शेरा मारला होता! मी त्या खुणेवरून भांडले. आयुष्यात ऑफिसात इतक्या मोठ्यानं मी फक्त तेव्हा बोलले. आडव्या वाऱ्यात उतरणं जमत नाहीये हे ओळखून पुन्हा वर जाणं ही वैमानिकाच्या अंगची सगळ्यात मोलाची गोष्ट, आणि आपण त्याला कच्चेपणा म्हणायचं? कॅप्टन माझ्या बाजूनं उभे राहिले. मुलीला घेतलं.

आपल्या देशातही हे घडून गेलंय. २०११च्या जानेवारीत गोव्यात एका प्रवासी विमानाचं पुढचं चाक आधी टेकलं, चौकशी झाली, आणि वरच्या परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग परवाने तपासायला घेतले तेव्हा आणखी निघाले. त्याच वर्षी राजस्थानात न उडवलेले तास लिहून दिल्याबद्दल लाचलुचपत खात्यानं माणसं पकडली. शेजारी पाकिस्तानात २०२०च्या मे महिन्यात कराचीला विमान पडलं आणि २४ जूनला तिथल्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितलं, ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपनं त्यांच्या सरकारी कंपनीला दारं बंद केली, ती २०२४च्या नोव्हेंबरात उघडली. पुढे त्या यादीतली बरीच नावं निर्दोष ठरली. तोवर त्या माणसांना शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खोटे पायलट म्हणून घेतलं असणार. वेळच्या वेळी, शांतपणे, एकेक वही न तपासता सगळं एकदम उपसायला गेलं की असं होतं. खोट्यांबरोबर खरेही भरडले जातात.

आता आपल्याकडे वैमानिकांची लॉगबुकं विमान वाहतूक संचालनालयाच्या संगणकावर गेली आहेत, २०२५च्या फेब्रुवारीपासून परवानाही इलेक्ट्रॉनिक झाला. चांगलं झालं. दोन नोंदी एकाच विमानावर एकाच वेळी पडल्या तर आता पट्टी लावायची गरज पडू नये. पण संगणकात आकडा भरणारं बोट माणसाचंच, आणि ‘लिहून टाक, सही मी देतो’ म्हणणाराही माणूसच. म्हणून एखादा फोन करून मेकॅनिकला विचारणं, इंधनाची वही मागणं, हे सुटू नये असं मला मनापासून वाटतं. त्यात कुणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही. ज्या मुलीनं घामानं भिजलेले दोनशे तास खरोखर काढले, तिच्या तासांची किंमत त्या तपासणीनं टिकते.

मुलाची बाब आम्ही वर कळवली. कळवायलाच हवी होती. परवाना निलंबित झाला, चौकशी लागली. शिफारसपत्रात काहीतरी मऊ लिहून मी त्याला सोडवू शकले असते का, असं भुसावळच्या एका मावशीनं मला विचारलं होतं, आपल्याकडचा पोरगा होता म्हणून. नाही. त्या वर्षी झोप लागायची नाही, हे मात्र खरं. त्या तापीकाठच्या माणसाला ही बातमी कुणी, कशी सांगितली असेल, हे सारखं डोळ्यांपुढे यायचं.

तीन वर्षांनी शिरपूरहून फोन आला. शिक्षा भोगून त्यानं सगळे परवान्याचे सोपस्कार पुन्हा केले होते, कमी पडलेले तास दुसरीकडे उडवले होते, आणि आता प्रत्येक मुलाखतीत घडलेलं स्वतःच आधी सांगत होता. दोन कंपन्यांनी तिथल्या तिथे उठवलं. तिसऱ्या छोट्या कंपनीत कुणीतरी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, चल, आधी तुझं उडवणं बघू. तिथे तो को-पायलट आहे. मला त्या अनोळखी माणसाचे पाय धरावेसे वाटले. चोख तपासणारे आम्ही होतो. पण खरं सांगणाऱ्याला बसायला खुर्ची त्यानं दिली. आमच्या कंपनीत अर्जाचा नमुना बदलावा, नापास झालेल्या चाचण्यांचा रकाना असावा आणि त्यापुढे ‘सांगितल्यामुळे अर्ज नाकारला जाणार नाही, लपवल्यास नाकारला जाईल’ असं छापावं, यासाठी मी शेवटची दोन वर्षं कागद फिरवले. रकाना आला. त्यापुढचं वाक्य आलं नाही.

आता मी भुसावळात असते. धुळ्याला बहीण देवपुरात राहते. तिच्या गच्चीवर सकाळी उभी राहिले की गोंदूरच्या धावपट्टीवरून उठलेली शिकाऊ विमानं दिसतात. धुळे, शिरपूर, जळगाव. आपल्या खान्देशात आता पोरं विमान शिकायला बाहेरून येतात. २०२१च्या जुलैत चोपडा तालुक्यात, वर्डीजवळच्या सातपुड्याच्या रानात असंच एक शिकाऊ विमान पडलं. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. त्याची कारणं हा माझा विषय नाही. माझ्या मनात राहिली ती तिथली आदिवासी माणसं. पावसाचे दिवस, वाट चिखलाची, आणि त्यांनी लुगड्याची झोळी करून, बांबूला बांधून, खांद्यावर त्या मुलीला डोंगर उतरवून आणली. त्यांच्यातल्या कुणाचाही विमानाशी कधी संबंध आला नसेल. बफेलोच्या घरातल्या त्या माणसाचाही त्या रात्री नव्हता. लॉगबुकातल्या ओळीवर विमानातल्या माणसांइतकाच खाली राहणाऱ्यांचाही जीव ठेवलेला असतो, आणि त्यांना कुणी सही दाखवायला जात नाही.

गेल्या दिवाळीत अण्णांची लाइन बॉक्स, ड्युटीवर न्यायची पत्र्याची पेटी, माळ्यावरून काढली. आईनं तिच्यात जुनी लुगडी भरून ठेवली होती. तळाशी त्यांच्या डायऱ्या सापडल्या, कोळशाच्या आणि ग्रीसच्या डागांच्या. आत्याच्या लग्नाचा महिना मी शोधून काढला. हळदीच्या दिवसाच्या पानावर लग्नाचं काहीच नव्हतं. पेन्सिलीनं, चालत्या गाडीत लिहिल्यासारखं थरथरतं अक्षर :

‘खंडवा रोड. तिसरी फेरी, रात्र. बऱ्हाणपूरपर्यंत ठीक. चांदणीच्या अलीकडे वळणावर डिस्टंट सिग्नल झाडीमुळे फार उशिरा दिसतो. दिवसा हे कळलं नव्हतं. इथे वेग आधीच कमी.’

खाली सही, आणि सहीखाली परतीच्या गाडीची वेळ, ४.२०.